जुनं यंत्र बंद केल्याचा दाखला

नानांच्या घराचं दार वाजवलं की आतून पहिला प्रश्न यायचा, "कोण?" आपण नाव सांगायचं. मग दुसरा प्रश्न, "कशावरून?" याचं उत्तर दिल्याशिवाय कडी निघत नसे. पोस्टमन बिचारा पाकिटावरचा पत्ता मोठ्यानं वाचून दाखवायचा. दूधवाला कॅनवर मापटं आपटायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काय सांगावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, "काल तुम्ही माझ्या डब्यातली शेवभाजी संपवलीत आणि वर तिखट कमी आहे म्हणालात." आत कडी वाजली.

हा प्रश्न त्यांना एका कारखान्याच्या गेटवर मिळाला होता. वरणगावकडे ते वीसेक वर्षं इलेक्ट्रिकलच्या कामाला होते. गेटवरचा शिपाई ओळखीचा, रोज राम राम घालणारा. एक दिवस नाना पास घरी विसरले. शिपाई म्हणाला, "नाना, तुम्ही नानाच आहात हे मला पक्कं माहीत आहे. पण कशावरून?" दुसरा कोणी असता तर भांडला असता. नाना मात्र त्या प्रश्नावर इतके खूश झाले की पुढे जन्मभर तो वापरत राहिले.

मला भेटले तेव्हा कारखाना सोडून ते आमच्या संगणक केंद्रात देखभालीला लागले होते. एकोणीसशे नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. जळगावात नवी पेठेत एका कापडदुकानाच्या वर आमचं केंद्र होतं. शाळा-कॉलेजांच्या परीक्षांचे निकाल आम्ही तयार करून छापून द्यायचो. एक मोठं मशीन, त्याला जोडलेली आठ टर्मिनलं, त्यांच्यासमोर आम्ही ऑपरेटर मुली आणि काचेच्या केबिनमध्ये शेठ. नाना कुठेही नसायचे आणि सगळीकडे असायचे. टेबलाखालून पाय दिसले तर ते नानांचे समजायचे.

त्यांचे नियम त्यांचेच. दुपारी बारा ते एक मशीनचं झाकण उघडायचं नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "त्या वेळी माणूससुद्धा आपल्या ठिकाणी नसतो, मशीनचं काय घेऊन बसलीस." मे महिन्यातलं जळगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना यात फार खोटं वाटायचं नाही. त्या तासाभरात रस्त्यावर कुत्रंही नसतं आणि आपली सावली पायाखाली सापडत नाही. दुसरा नियम असा, की काढलेला कुठलाही भाग टाकून द्यायचा नाही. गव्हाच्या पत्र्याच्या डब्यात ते सगळं जपून ठेवायचे, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. आणि मशीन बंद पडलं असं ते कधी म्हणत नसत. ते म्हणत, "हरवलंय."

आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची, आणि भूत हा शब्द काढला तर वडील अंगणात उभं करायचे. त्यामुळे नानांच्या असल्या बोलण्याची मी मनसोक्त टिंगल करायचे. त्यांना त्याचं काही वाटत नसे. ते मला "पोरी" म्हणायचे आणि टिंगलीतलंसुद्धा उपयोगाचं तेवढं वेचून घ्यायचे.

मशीन हळू चालतं अशी ओरड झाली तेव्हा शेठनी मुंबईहून त्याचा मुख्य बोर्ड, मेमरी, केबली असं सगळं नवं मागवलं. मुंबईचा इंजिनियर आला, जुनं काढून नवं बसवून चहासुद्धा न घेता गाडीला गेला. आम्ही मशीन चालू केलं. पंखे फिरले, दिवे लागले आणि पडद्यावर एक ओळ आली. या यंत्राकडे ही प्रणाली चालवण्याचा परवाना नाही, अशा अर्थाची. त्यापुढे मशीन हलेना. निकाल लावायचे चार दिवसांवर आलेले, आणि साऱ्या जिल्ह्यातल्या पोरांचे मार्क आत अडकून बसलेले.

शेठनी मुंबईला फोन लावला. आम्ही सगळ्या केबिनच्या काचेला नाक लावून उभ्या. शेठ ओरडत होते, "अहो, तेच मशीन आहे. तेच टेबल, तोच खोका. आम्ही फक्त ताकद वाढवली." पलीकडचा माणूस थंडपणे सांगत होता, "आमच्या कागदावर एक नंबर आहे. तुमचं मशीन दुसरा नंबर सांगतंय. आमच्या दृष्टीनं हे वेगळं मशीन आहे, साहेब." शेठनी फोन आपटला. नाना त्यांच्या मागे उभं राहून मान डोलवत होते. म्हणाले, "बरोबर विचारतोय तो."

मग नाना कामाला लागले. त्यांची पद्धत गोगलगायीची. नवं एकेक काढायचं, त्या जागी डब्यातलं जुनं बसवायचं, मशीन चालू करायचं, बघायचं, वहीत लिहायचं. जुनी मेमरी. नाही. जुनी केबल. नाही. दोन दिवस आम्ही हातावर हात ठेवून बसलो होतो आणि नाना वहीत "नाही" लिहीत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुन्या बोर्डावरून अंगठ्याच्या पेराएवढी एक चिप चष्मे दुरुस्तीच्या बारीक पेचकसानं अलगद उचकटली आणि नव्या बोर्डावरच्या तसल्याच चिपच्या जागी बसवली. मशीन सुरू झालं, परवाना मिळाला, आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या चिपच्या पोटात एक छोटी बॅटरी होती आणि त्या बॅटरीच्या जिवावर एक नंबर जागा होता. मशीनची ओळख म्हणजे तेवढा नंबर. नाना चिप काढलेला जुना बोर्ड उन्हात धरून म्हणाले, "बघ पोरी. बाकी सगळं बदललं तरी चालतं. हा एवढासा जागेवर पाहिजे."

मी म्हटलं, "आणि माणसात हा कुठे असतो, नाना?"

मी चेष्टा केली होती. ते गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी पेढे वाटताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. बघावं लागेल."

पुढच्याच हिवाळ्यात त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. हृदयाची एक झडप लहानपणच्या तापानं खराब झालेली होती, ती आता पार निकामी झाली होती. मुंबईला जाऊन तिथे धातूची झडप बसवायची ठरलं. त्याआधी तोंडातले किडके दात काढायला सांगितले, म्हणून सगळे दात गेले आणि कवळी आली. इस्पितळात मिशी गेली. वजन गेलं. दोन महिन्यांनी नाना परत आले तेव्हा शेठनी सोबतीला दिलेला माणूस स्टेशनवर म्हणाला, "ओळखलं ना यांना?" आम्ही हसलो. ओळखलं होतं. डोळे नानांचेच होते.

अक्कांनी ओळखलं नाही.

अक्का म्हणजे नानांची बायको. माहेर नरडाण्याकडचं, बोलणं पक्कं अहिराणी. मेहरूणला तलावाच्या बाजूला दोन खोल्यांचं घर होतं, मूलबाळ नव्हतं, आणि तीस वर्षांच्या संसारात नाना त्यांना सोडून एक रात्रही बाहेर राहिले नव्हते. मुंबईत उतरायला जागा नाही म्हणून अक्का घरीच थांबल्या होत्या. नानांनी सामान ओट्यावर ठेवलं आणि दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोन?" नाना म्हणाले, "मी." अक्कांनी दार चार बोटं उघडलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "कशावरून?"

नानांना वाटलं, चेष्टा आहे. ते मनापासून हसले. दार बंद झालं. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत नाना स्वतःच्या ओट्यावर बसून राहिले. शेवटी शेजाऱ्यांनी आत नेलं, जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी हे सगळं आम्हाला सांगताना ते हसत होते. चौथ्या दिवशी हसत नव्हते.

अक्कांच्या डोक्यात बिघाड झाला म्हणावं, तर बाकी कुठेच काही नव्हतं. माझ्या सायकलची घंटी ऐकून त्या आतूनच माझं नाव घ्यायच्या. हिशेब, वार, शेजारणीच्या नातवंडांची नावं, सगळं जागच्या जागी. भरीत पूर्वीसारखंच व्हायचं. फक्त नानांचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा, परक्या माणसाबद्दल बोलावं तसा सभ्य व्हायचा. "चांगला मानूस शे," त्या मला म्हणाल्या. "रीतभात शे. पन हाऊ त्या न्हईत, माय." माणूस चांगला, पण हे नाना नव्हेत.

मी म्हटलं, "अक्का, चेहरा बघा की. तोच आहे."

"चेहरा ते फोटोमाबी ऱ्हास," अक्का म्हणाल्या आणि वांगी चिरत राहिल्या.

धुळ्याच्या एका मनाच्या डॉक्टरांकडे त्यांना नेलं. मी सोबत होते. डॉक्टरांनी इंग्रजीत एक लांब नाव सांगितलं, असा आजार असतो म्हणाले, गोळ्या दिल्या. अक्का गोळ्या घेऊन दोन महिने झोपल्या आणि जाग आली की तेच म्हणायच्या. त्या दिवशी धुळ्याहून परत येताना एस.टी.त नाना पुढच्या सीटवर बसले होते. अक्का माझ्या कानाशी लागल्या, "ह्यासना घरना लोक ह्यासले शोधत व्हतीन ना?" माझ्या हातावर काटा आला. वडिलांचं अंगण आठवलं, पण काटा गेला नाही.

नाना आता केंद्राच्या मागच्या खोलीत झोपायचे. आणि त्यांनी वही उघडली. त्यांच्या मते हा प्रकार अगदी ओळखीचा होता. मुंबईत आपले भाग बदलले, त्यात कुठलातरी एवढासा भाग निघून गेला. तो कोणता ते शोधायचं, एकेक जुनं परत बसवून. मी त्यांना वेड्यात काढलं. ते म्हणाले, "तुला दुसरी पद्धत माहीत असेल तर सांग."

रोज दुपारी एक वाजून गेल्यावर ते मेहरूणला जायचे, एकच बदल करून. परत येऊन वहीत लिहायचे. ती वही मी पाहिली आहे. मिशी, पूर्ण वाढलेली. नाही. काड्यांना सुतळी बांधलेला जुना चष्मा. नाही. कवळी काढून. नाही, घाबरली. कारखान्याचा खाकी शर्ट. नाही. तंबाखूचा वास. याच्यापुढे लिहिलं होतं, "थोडा वेळ थांबली. दार धरून उभी राहिली. मग नाही." डॉक्टरांनी तंबाखूला सक्त मनाई केली होती, म्हणून मी भांडले. ते म्हणाले, "थांबली होती गं. तू बघायला पाहिजे होतं." एका दिवशी तर त्यांनी स्वतःचे काढलेले दात रुमालात बांधून नेले. दंतवैद्याकडून मागून आणले होते, त्याच गव्हाच्या डब्यात ठेवले होते. अक्कांनी ते पाहिले आणि हात जोडून म्हणाल्या, भाऊ, माझ्या माणसाचे दात तुमच्याकडे कसे आले तेवढं सांगा.

त्या दिवशी वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं.

खरा भाग कोणता होता ते आम्हाला एका दुपारी केंद्रातच कळलं. वीज गेली. पंखे थांबले, मशीनची घरघर थांबली, कूलरमधलं पाणी टपकायचं थांबलं. उकाड्यात आम्ही सगळ्या गप्प बसलो. आणि त्या शांततेत घड्याळाचा आवाज यायला लागला. टिक, टिक, टिक. केंद्रात भिंतीवर घड्याळ नव्हतं. आम्ही एकमेकींच्या मनगटाकडे पाहिलं. मग आवाजाच्या रोखानं हळूहळू माना वळल्या. नाना खिडकीजवळ स्टुलावर बसून केबल सोलत होते. आवाज त्यांच्या छातीतून येत होता. धातूची झडप उघडताना-मिटताना वाजते, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर वीज गेली की एकीनं तरी मुद्दाम गाणं म्हणायचं, असं आम्ही न ठरवता ठरवून टाकलं.

मी अक्कांना विचारलं. त्यांनी लगेच मान हलवली. दार चार बोटं उघडलं तेव्हाच ऐकू आलं होतं. मला कोणी विचारलं का, म्हणाल्या. "त्यासना आंगमा घड्याळ नव्हतं."

हा भाग परत बदलता येण्यासारखा नव्हता. नानांनी मुंबईच्या डॉक्टरांना खरोखरच पत्र लिहून विचारलं, झडप काढून जुनी बसवता येईल का. उत्तर आलं नाही.

असं वर्ष गेलं असेल. एका सोमवारी मोठं मशीन चालू केलं आणि पुन्हा तीच ओळ. परवाना नाही. या वेळी नानांनी झाकण उघडलंच नाही. ते म्हणाले, "बॅटरी संपली. आपण कोण ते विसरलं." खरंच, आठ आकड्यांच्या जागी आठ वेळा एकच अक्षर येत होतं. नवी चिप मिळत होती, पण तिचा नंबर नवा. शेठ पुन्हा फोनवर बसले. पलीकडे तोच थंड माणूस. या वेळी त्यानं मार्ग सांगितला. नव्या नंबरासाठी नवा परवाना मिळेल. मात्र जुनं यंत्र कायमचं बंद झालं आहे, ते पुन्हा वापरात येणार नाही, त्यावर आमचा काही हक्क राहिलेला नाही, असं लेखी द्यायचं. केंद्रातल्या दोघांच्या सहीनं.

मी टाईप केलं. यंत्र डोळ्यांसमोर टेबलावर उभं, आणि आम्ही ते बंद झाल्याचा दाखला लिहीत होतो. मला हसू येत होतं. नानांनी तो कागद तीनदा वाचला, सही केली, खाली मी केली. पंधरा दिवसांत नवा परवाना आला. पूर्वी आठ टर्मिनलांचा होता, हा चारांचा. उरलेल्या चारांवर कव्हर घातली गेली.

त्याच आठवड्यात नाना माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "पोरी, आपण चुकत होतो. जुनं परत बसवत होतो. तो मार्गच नाही. जुनं बंद झाल्याचं आधी सांगावं लागतं."

त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं आणि मी चिडले. खुर्ची सरकवून उठले. म्हटलं, "नाना, असलं अभद्र मी बोलणार नाही. खोटं तर मुळीच नाही."

ते स्टुलावर बसले. आवाज अगदी रोजचा होता. "ऑपरेशनच्या वेळी हृदय बंद करतात. काम असतं ना आत, चालू ठेवून कसं करणार. दोन तास बंद होतं माझं. बाहेर एक यंत्र रक्त फिरवत होतं. दोन तासांनी परत चालू केलं. आता मला सांग, चालू झालं ते कोण? तू म्हणशील नाना. मीही म्हणतो नाना. पण कशावरून? मी रोज स्वतःला विचारतो. मला त्याचं उत्तर येत नाही. तिला येतं. मग तिचंच खरं नसेल कशावरून?"

मी त्यांचं मनगट पाहिलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकालाही सैल झाला होता. मागच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांवर झोपणारा तो माणूस एका चहासाठी, एका "या"साठी वाळत चालला होता. मी हो म्हटलं.

आम्ही दुपारी गेलो. अक्का ओट्यावर गहू निवडत होत्या. नाना फाटकाबाहेर थांबले, हातात टोपी. मी अक्कांजवळ बसले. गव्हाचे चार खडे मीही काढले. मग म्हटलं, "अक्का, नाना मुंबईलाच गेले. ऑपरेशनच्या टेबलावर. तुम्हाला कोणी सांगितलं नाही."

मला वाटलं होतं त्या किंचाळतील, किंवा मला हाकलतील. त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. सुटका होती ती.

"माले मालूम व्हतं," त्या म्हणाल्या. "बठ्ठा माले येडी समजतस. तू तरी खरं सांगं, माय."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी खोटं बोलून आले होते आणि त्या माझे आभार मानत होत्या. मग त्यांनी पदराच्या टोकानं कपाळावरचं कुंकू पुसलं. एकदा पुसून गेलं नाही म्हणून पुन्हा, जोरानं. फाटकाशी नाना उभे होते. ते सगळं पाहत होते. त्यांनी टोपी डोक्यावर घातली नाही.

काही वेळानं अक्कांनी त्यांच्याकडे बोट केलं. "मंग हाऊ कोन शे?"

हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "दवाखान्यात शेजारच्या खाटेवर होते. ऑपरेशनला नेण्याआधी नानांना शेवटचं पाणी यांनी पाजलं."

अक्का उठल्या. पदर सारखा केला, फाटकापर्यंत गेल्या आणि स्वतःच्या हातानं कडी काढली. "या, भाऊ," त्या म्हणाल्या. "उन्हमा का उभा ऱ्हायनात. घरमा या."

नाना घरात गेले. दीड वर्षांनी त्यांना त्या घरातला चहा मिळाला. मी बाहेर येऊन सायकल धरून रडले, आणि कशासाठी रडते आहे ते मला नीट सांगता आलं नसतं.

त्यानंतर नाना बाहेरच्या खोलीत राहायला लागले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सुरुवातीला फार बोलून घेतलं. आपल्या बायकोला जिवंतपणी विधवा करणारा माणूस म्हणून कोणी त्यांच्याशी बोलेना. ते सगळ्यांना एकच सांगायचे, "ती आता रात्री दाराला टेबल लावून झोपत नाही." दिवाळीला मी फराळाचं घेऊन गेले तेव्हा भाऊबीज होती. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि पाटावर नाना टोपी घालून बसलेले. अक्का त्यांना ओवाळत होत्या. नानांनी ताटात ओवाळणी टाकली आणि वाकून नमस्कार करणाऱ्या अक्कांच्या डोक्यावर हात ठेवला. भर दुपार होती, बाहेर पोरं फटाके उडवत होती, आणि मला दारातून आत पाऊल टाकवेना.

बोलताना ते स्वतःला "ते" म्हणू लागले होते. आधी अक्कांसमोर, मग आमच्यासमोरही. "ते असते तर हा बोर्ड असा लावला नसता." कधी कधी त्यांच्या आवाजात त्या दुसऱ्या माणसाबद्दल थोडा हेवा ऐकू यायचा. एकदा म्हणाले, "तिला त्यांची फार आठवण येते. रोज मला त्यांच्या गोष्टी सांगत बसते. कामाला जाताना ते कधी मागे वळून बघायचे नाहीत म्हणे, त्याचं तिला फार वाईट वाटायचं. तीस वर्षांत बोलली नाही." मग म्हणाले, "बघायचे गं ते. कोपऱ्यावरून बघायचे. तिला दिसत नसेल."

माझं लग्न झालं, मी धुळ्याला गेले. तिथे एका कॉलेजात मुलांना संगणक शिकवायला लागले. जळगावला येणं वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं. दर खेपेला दोघं ओट्यावर दिसायची. गहू निवडत, मधे सूप ठेवून, दोन परकी माणसं बसतात तेवढं अंतर ठेवून. मला वाटायचं, आपण जे केलं ते वाईट केलं नाही. मग परतीच्या एस.टी.त बसलं की पारोळ्यापर्यंत वाटायचं, फार वाईट केलं.

नाना गेले ते साध्या तापानं, चार दिवसांत. शेजाऱ्यांचा कॉलेजात फोन आला. मी मिळेल त्या गाडीनं निघाले आणि अकराच्या सुमाराला मेहरूणला पोचले. अंगणात बांबू येऊन पडले होते. पुरुष मंडळी सावलीला उभी राहून ऊन वाढायच्या आत निघायला पाहिजे म्हणत होती. बाहेरच्या खोलीत नानांना ठेवलं होतं. बायका भिंतीकडेनं बसल्या होत्या. त्यांच्यात कुजबुज चालली होती, की अक्कांना काय सांगायचं, आणि सांगायचं तरी कशाला, कुंकू तर केव्हाच गेलं.

अक्का त्यांच्या उशाशी नव्हत्या. पायाकडे, थोड्या लांब बसल्या होत्या. उशाजवळ त्यांनी एक सतरंजी घालून ठेवली होती आणि तिच्यावर कोणालाही बसू देत नव्हत्या. मला पाहिल्यावर उठून आल्या, हात धरून आतल्या खोलीत नेलं.

"त्यासना घर कोनी सांगं का?" त्यांनी विचारलं. "बायको वाट देखत व्हई ना बिचारी."

खोटं बोलायची मला आता सवय होती. म्हटलं, "हो, अक्का. कळवलंय."

"मंग आते उचलू नका," अक्का म्हणाल्या. "माले मना मानूसनं तोंड देखाले भेटनं न्हई. तिले तरी देखू द्या."

मी बाहेर जाऊन पुरुष मंडळींना सांगितलं. कोणी उलटून बोललं नाही. अक्का रिकाम्या सतरंजीशेजारी जाऊन बसल्या आणि दाराकडे बघू लागल्या. आम्ही चार वाजेपर्यंत थांबलो.